आवाहन झाले, विसर्जन राहिले

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि पुढचे दीड वर्ष रविवारी सकाळी गावोगावचे रस्ते ओस पडू लागले. मालिका लागण्याआधी कितीतरी घरांत टीव्हीला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. राम झालेल्या अरुण गोविल यांच्या पाया पडायला त्यांच्याहून वयाने मोठी माणसे पुढे होत. १९९१ मध्ये सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून लोकसभेवर निवडून गेले. १९९६ मध्ये ‘महाभारता’तले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, जमशेदपूरमधून गेले. गोविल स्वतः मेरठचे खासदार झाले ते २०२४ मध्ये, मालिका संपून छत्तीस वर्षे उलटल्यावर. या साऱ्याकडे पाहून शिकलेला माणूस सहसा दोनपैकी एक निकाल देतो: लोक भोळे आहेत, नाहीतर नट हुशार आहेत. दोन्ही निकाल मला अपुरे वाटतात. माणसाच्या देहात देव पाहावा की नाही, आणि पाहिलाच तर किती वेळ, हा मूळचा धर्माचा प्रश्न आहे आणि आपल्या परंपरेने त्यावर फार बारकाईने विचार केलेला आहे. नटाच्या देहात देव पाहून हात जोडणे ही चूक नव्हे, असे माझे मत आहे. परंपरेने त्या नमस्काराला मुभा दिली, पण त्याबरोबर देव त्या देहातून उतरवून घेण्याची रीतही घालून दिली. पडद्याने पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी सोडून दिली. त्याची किंमत नट आयुष्यभर मोजत राहतो, आणि ती रीत सोडून दिल्याने भक्ताचेही नुकसान होते.

आधी भोळेपणाचा आरोप पाहू. समोर नट आहे हे लोकांना कळत नाही, असे म्हणणाऱ्याने आपल्याच नाट्यविचारातला शंकुकाचा दाखला आठवावा. हजारभर वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने तो नोंदवून ठेवला आहे, जरी शंकुकाचा सिद्धांत त्याला पटला नव्हता. चित्रातला घोडा पाहणारा माणूस त्याला खरा घोडा समजत नाही, खोटा म्हणत नाही, घोडा असेल की नसेल अशा शंकेतही पडत नाही, आणि हे घोड्यासारखे काहीतरी आहे असेही मनात आणत नाही. त्याला नुसता घोडा दिसतो. रंगभूमीवरचा राम प्रेक्षकाला असाच दिसतो, असे शंकुक म्हणतो. खरे-खोटे ठरवण्याचा व्यवहार तिथे बाजूला राहतो. हे पंडिती कसरत म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण आपल्या चित्रपटाचा पहिला अनुभव त्याचीच साक्ष देतो. फाळक्यांच्या ‘लंकादहना’त (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. तो त्याआधी एका खाणावळीत स्वयंपाकी होता. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या चपला काढत, असे सांगतात. एकच माणूस रामही आणि सीताही, तरी भावनेला तडा गेला नाही. शाहू मोडक नगरचे, ख्रिस्ती घरातले. त्यांनी कितीदा तरी कृष्ण केला आणि १९४० मध्ये प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानोबाही केले. मोडक कोण, कुठले, हे मराठी प्रेक्षकाला ठाऊक होते. तरीही हात जोडले गेले, कारण ते मोडकांच्या जन्माला किंवा जातीला जोडलेले नव्हतेच. उलट देवळाच्या गाभाऱ्याने जी दारे शतकानुशतके लावून ठेवली होती ती इथे सहज उघडली, ही या नमस्काराची मोठी कमाई मानली पाहिजे.

दुसरा आक्षेप श्रद्धावंताचा आहे आणि तो अधिक जुना आहे. पोटासाठी सोंग घेणाऱ्याच्या देहात देव कसा मानायचा? धर्मशास्त्राने नटांना श्राद्धाच्या पंगतीतून वगळले. नाट्यशास्त्राच्या शेवटी खुद्द भरताच्या मुलांना ऋषींचा शाप बसल्याची कथा आहे, त्यांनी ऋषींची नक्कल करून टर उडवली म्हणून. म्हणजे नटाविषयीचा संशय आपल्या ग्रंथांत भरपूर आहे. पण त्याच संस्कृतीत, आणि महाराष्ट्रात तर फारच ठळकपणे, याचे उत्तरही आहे. पैठणला एकनाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरणारा श्रीखंड्या कोण होता? मंगळवेढ्याच्या दामाजीसाठी बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरणारा विठू महार कोण होता? सेना न्हाव्याला पूजेत वेळ झाला तेव्हा त्याचेच रूप घेऊन धोकटीसह राजाकडे कोण गेले? संतचरित्रांतला देव माणसाचे सोंग घ्यायला कधी लाजत नाही. तो पाणक्या होतो, निरोप्या होतो, न्हावी होतो. देवाला जर माणसाचे रूप विटाळत नसेल, तर माणसाने काही काळ देवाचे रूप धारण केल्याने कोणता अधर्म होतो? मात्र या कथांमध्ये एक गोष्ट कधी चुकत नाही. ओळख पटली की देव त्या रूपात राहत नाही. श्रीखंड्या कोण हे कळते त्या क्षणी तो दिसेनासा होतो. विठू महार रक्कम भरतो, पावती घेतो आणि जातो. रूप कामापुरते असते आणि काम झाले की ते सोडायचे असते, एवढी शिस्त देवानेसुद्धा पाळलेली आहे.

ही शिस्त परंपरेने विधीत कशी बसवली ते पाहण्यासारखे आहे. गणेशचतुर्थीला मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते आणि पाठवणीच्या वेळी उत्तरपूजा होते. मूर्ती पाण्यात जाते ती त्यानंतर. म्हणजे खरे विसर्जन उत्तरपूजेतच झालेले असते, पाण्याकडे जाते ती माती. देहाच्या बाबतीत हेच काशीपलीकडच्या रामनगरच्या रामलीलेत दिसते. महिनाभर चालणाऱ्या त्या लीलेत राम, सीता, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न हे ‘स्वरूप’ म्हणून पूजले जातात. मुकुट चढला की ती मुले देव होतात. त्यांना खांद्यावरून नेतात, रोज लीलेअखेर त्यांची आरती होते, काशीनरेशही त्यांना मान देतात. पण मुकुट उतरतो, महिना संपतो, आणि मूल घरी जाते. या योजनेत फार मोठे शहाणपण आहे असे मला वाटते ते आणखी एका कारणाने. स्वरूपांसाठी मिसरूड न फुटलेली मुलेच निवडतात. आवाज फुटला, ओठांवर लव आली की त्या मुलाचे देवपण आपोआप संपते. माणसांनी विसरायचे ठरवले तरी निसर्ग विसर्जन विसरत नाही. त्या मुलांच्या निवडीत ब्राह्मण घराची अट असते, ती मला मान्य नाही आणि तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु देवपणाला मुदत असावी हे तत्त्व त्या अटीवर अवलंबून नाही. आपल्याकडे कोकणात दशावतारी नाटकात रात्रभर देव-दानव नाचतात आणि पहाटे दहीकाला होऊन खेळ मोडतो. आदल्या रात्रीचा विष्णू सकाळी आपल्या शेतात असतो, आणि गाव त्याला त्याच्या नावाने हाक मारते. अभिजात संस्कृत नाटकाचाही शेवट भरतवाक्याने होतो. तिथे नट पात्राची कथा मागे टाकून नट म्हणूनच सर्वांचे कल्याण मागतो. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळात खेळाच्या शेवटाची एवढी काळजी घेतली गेली, त्या अर्थी शेवट न झाल्यास काय होते हे त्या लोकांना नीट माहीत असले पाहिजे.

चित्रपट-मालिकांनी सुरुवातीचा विधी मात्र जपला आहे. मुहूर्ताला नारळ फुटतो, कॅमेऱ्याला हार पडतो, पहिल्या क्लॅपला एखादा मान्यवर बोलावतात. पॅक-अपला काहीच नसते. आणि केवळ विधीची उणीव असती तर ती भरून काढता आली असती, पण माध्यमाचा स्वभावच सोडण्याच्या विरुद्ध आहे. मुकुट आणि वेश यांचे एक काम नटाचे नटपण झाकणे हे आहे, असे अभिनवगुप्त सांगतो. दशावतारातला रंग, यक्षगानातला किरीट, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यातला मुखवटा, सगळे हेच करतात. देव पुढे येतो, माणूस आत राहतो, आणि मुखवटा उतरला की माणूस अनोळखी होऊन गर्दीत मिसळू शकतो. कॅमेरा मात्र उघड्या चेहऱ्याच्या जवळ जातो. ‘रामायणा’त वारंवार पडदाभर दिसणारे गोविल यांचे मंद स्मित हीच लोकांच्या लेखी रामाची मूर्ती झाली, आणि ते स्मित मुकुटासारखे उतरवून पेटीत ठेवता येत नाही. त्यानंतर पुनःप्रक्षेपण. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, तीच मालिका पुन्हा दाखवली गेली आणि मधल्या काळात जन्मलेल्या पिढीने तोच तरुण चेहरा राम म्हणून पाहिला. पडद्यावर वय पस्तिशी ओलांडत नाही आणि आरशात साठी उलटलेली असते. ‘रामायणा’नंतर व्यावसायिक हिंदी चित्रपटांतल्या भूमिका जवळपास थांबल्या, हे गोविल यांनी अनेकदा सांगितले आहे. निर्मात्यांना भीती होती की हा माणूस नायिकेशी प्रेम करताना किंवा कुणाला मारताना लोकांना चालणार नाही. ती भीती खरी होती, हे मान्य केले पाहिजे.

हे प्रत्येकाचे होत नाही, असे कुणी म्हणेल आणि स्वप्नील जोशींचे उदाहरण देईल. त्यांनी ‘रामायणा’च्या उत्तरभागात कुश केला, पुढे सागरांच्याच ‘श्रीकृष्ण’ मालिकेत किशोरवयीन कृष्ण केला, आणि तरीही ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) किंवा ‘दुनियादारी’ (२०१३) यांतला प्रियकर म्हणून मराठी प्रेक्षकाने त्यांना आनंदाने स्वीकारले. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, बळ देते. त्यांच्या बाबतीत रामनगरचाच नियम लागू पडला. देह वाढला, आवाज बदलला, आणि कुश कोणाच्याही हुकमाशिवाय निघून गेला. गोविल यांच्या किंवा नितीश भारद्वाज यांच्या वाट्याला ही सोय नव्हती. भारद्वाज शिक्षणाने पशुवैद्य, पुढे ‘पितृऋण’सारखा मराठी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला, पण रस्त्यात त्यांना ओळखणारा माणूस आजही बासरीच शोधतो.

नट विष्णुपंत पागनीसांची गोष्ट याहून अवघड आहे आणि तिच्यापाशी थांबले पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला, वर्षभराहून अधिक काळ एकाच चित्रगृहात चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. नाटकांतून स्त्रीभूमिका केलेल्या पागनीसांनी तुकोबा उभे केले ते इतके की पुढे तुकाराम महाराजांचे म्हणून घरोघर जे चित्र लागले त्यावर त्यांच्या चेहऱ्याची छाप पडली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर लोक तुकोबांचाच अभंग समजून गाऊ लागले. नुसता मोठा नट किंवा गायक घेतल्याने हे साधत नाही. वर्षभर आधी प्रभातनेच ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्वांना एकनाथ केले होते, पण तिथे लोकांना नाथ दिसण्याआधी गंधर्व दिसले. पागनीसांमागे आधीची तेवढी मोठी कीर्ती उभी नव्हती, आणि जे काही स्वतःचे होते ते त्यांनी तुकोबांना देऊन टाकले. त्यानंतर त्यांना तुलसीदास मिळाले, नरसी मेहता मिळाले, म्हणजे संतच मिळाले, आणि १९४३ मध्ये ते गेले. याला बंदिवास म्हणावे की सायुज्यता? मला वाटते, त्यांच्या बाबतीत दोन्ही शब्द जपून वापरावेत. पण इतके नक्की की आज देव्हाऱ्याशेजारी ज्याच्या चेहऱ्याला गंध लागते त्या माणसाचे नाव गंध लावणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत नाही. ज्याने आपला चेहरा दिला त्याचे नावही न राहावे, याला मी भक्तीचा विजय म्हणू शकत नाही. तुकोबांच्या भक्ताने तरी त्याची आठवण ठेवायला हवी होती.

आता सर्वांत रोखठोक आक्षेप. नटाची कसली कीव करता? त्याने पैसे घेतले, मते घेतली. यात तथ्य आहे आणि ते झाकण्याची माझी इच्छा नाही. ‘मायाबजार’मध्ये (१९५७) आणि अनेक तेलुगू चित्रपटांत कृष्ण झालेले एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या विजयाला राजकीय कारणे होतीच, पण पडद्यावरच्या देवत्वाचा वाटा कोणी नाकारत नाही. पक्षांनी ‘रामायणा’तल्या नटांना तिकिटे दिली ती त्यांच्या संसदीय अभ्यासाकरिता नव्हेत. परंतु हा आक्षेप माझ्याच मुद्द्याकडे येतो. रामनगरचा मुलगा लीला संपल्यावर कोणाकडे मते मागू शकत नाही, कारण मागायला जे लागते ते त्याच्यापाशी उरलेलेच नसते. उतरवून न घेतलेले देवपण ही शिल्लक राहिलेली रक्कम आहे. ती कोणीतरी वापरणारच, कधी नट, कधी पक्ष. ज्याने ती वापरली त्याने पुढे लोक आपल्याला माणूस म्हणून जगू देत नाहीत अशी तक्रार करू नये, हे मला मान्य आहे. पण शिल्लक ठेवली कोणी, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आणखी एक बाजू आहे. भूमिका माणसाला वर उचलते, मग ती उतरवायची कशाला? ‘श्रीकृष्ण’ मालिकेतले मोठे कृष्ण सर्वदमन बॅनर्जी यांनी त्याआधी जी. व्ही. अय्यर यांच्या ‘आदि शंकराचार्य’ (१९८३) या संस्कृत चित्रपटात शंकराचार्य केले होते. पुढे ते हृषीकेशला ध्यान शिकवत राहिले. अरविंद त्रिवेदी स्वतः रामभक्त होते आणि रावण म्हणून रामाला उद्देशून कठोर बोलावे लागते याची खंत ते व्यक्त करत. अशी उदाहरणे मला मनापासून आदरणीय वाटतात. पण ती साधना आहे, आणि साधना ज्याची त्याने पत्करायची असते. बॅनर्जी यांनी जे निवडले ते चौकात सिगारेट ओढणाऱ्या दुसऱ्या एखाद्या नटावर गर्दीने लादले, तर ती साधना उरत नाही, पहारा होतो. सोवळे स्वतःचे असते तोवरच त्याला धर्म म्हणतात.

हा सगळा दोष श्रद्धेच्या माथी मारणाऱ्यांनी निळू फुले आठवावेत. तिथे देव नव्हता, श्रद्धा नव्हती. मराठी चित्रपटातला सरपंच, पाटील, साखरसम्राट त्यांनी असा रंगवला की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्षात पाहूनही बिचकत. प्रत्यक्षातला माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात आयुष्यभर राबलेला. ललिता पवारांनी तर सेटवरच्या अपघातात डोळ्याला आणि चेहऱ्याला झालेली इजाच पुढे खाष्ट सासूच्या आणि मंथरेच्या भूमिकांसाठी वापरली, आणि लोकांनी त्या चेहऱ्यावर राग धरला. म्हणजे देवपण असो की दुष्टपणा, उतरवून घेण्याची सवय मोडली की दोन्ही सारखेच चिकटतात. निळूभाऊंचे स्नेही डॉ. श्रीराम लागू परमेश्वराला निवृत्त करा म्हणणारे. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिले ‘लमाण’, कारण नट त्यांच्या मते इथला माल तिथे पोचवणारा. देवाविषयी त्यांच्याशी माझे जमणार नाही, पण वाहणाऱ्याने गोणी उतरवल्यावर ती त्याच्या पाठीवर पाहत राहू नये, इथे नास्तिक लागू आणि गणपतीची उत्तरपूजा सांगणारे गुरुजी एकाच बाजूला येतात.

जानेवारी २०२२ मध्ये अमोल कोल्हे यांच्याबाबत जे झाले त्यात हे सारे धागे एकत्र आले. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या भूमिकांनी घराघरांत पोचलेले, २०१९ पासून शिरूरचे खासदार. त्यांनी २०१७ मध्ये केलेल्या एका चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका होती, आणि तो प्रदर्शित होण्याच्या वेळी गदारोळ उठला. भूमिका केली म्हणजे विचार पटला असे नव्हे, हे त्यांनी सांगितले, आणि नंतर आळंदीला जाऊन आत्मक्लेशही केला. त्या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. हा चित्रपट खुन्याचा गौरव करतो का, आणि करत असेल तर लोकप्रतिनिधी असलेल्या माणसाने त्याविषयी काय भूमिका घ्यावी, हा रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार होता आणि मीही ते मागितले असते. दुसरा प्रश्न असा होता की ज्या चेहऱ्यावर आम्ही महाराज पाहिले त्याच चेहऱ्यावर नथुराम आलाच कसा. या प्रश्नात कोल्हे यांचा अपराध मला कुठे दिसत नाही. महाराजांची भूमिका संपल्यावर महाराज त्या चेहऱ्यावरून काढून आपल्या मनात परत घ्यायचे होते, आणि ते काम प्रेक्षकाचे होते. मते मागताना तो चेहरा उपयोगी पडत असेल तर नटानेही या कामात अडथळा आणला, असे कुणी म्हणू शकेल. ते खरे असेल तेवढ्यापुरता त्यांचाही वाटा धरावा. तरीसुद्धा उत्तरपूजा यजमानाने करायची असते. मूर्ती स्वतःहून पाटावरून उठत नाही.